नखाएवढ्या चित्रात बी.एस्सी.

ते चित्र अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंच मोठं होतं, आणि त्यात मी माझी पदवी घातली होती.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी घडलेली ही गोष्ट. रत्नागिरीत ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि क्लास सुटला की तिथल्याच मशीनवर बसून स्वतःचा गेम बनवायचो. एकट्याने, दीड वर्ष. गेम साधा होता. मासळी भरलेली होडी समुद्रातून खाडीत आणायची. खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी असते आणि ती दर खेपेला जागा बदलते. ओहोटी लागायच्या आधी आत शिरलात तर जिंकलात, नाहीतर होडी रुतली. हे मला कुठून शोधून आणावं लागलं नाही. मी खाडीकाठच्या पूर्णगडचा. आमच्याकडे हे रोज चालतं.

गेम मी परदेशातल्या एका साइटवर चढवला. तिथे नव्या खेळांचं एक पान असायचं. पानावर प्रत्येक खेळाचं छोटं चित्र, थंबनेल. लोक ते बघून ठरवणार, उघडायचं की पुढे जायचं. मी गेमला दीड वर्ष दिलं होतं आणि थंबनेलला एक संध्याकाळ.

पण त्या संध्याकाळी मी काही कमी केलं नव्हतं. चित्रात होडी होती, खाडी होती, वर डोंगरावर किल्ला होता, किल्ल्यावर झेंडा होता. गेमचं नाव इंग्रजीत, त्याखाली मराठीत. सगळ्यात खाली माझं पूर्ण नाव, गाव, तालुका, आणि नावापुढे बी.एस्सी. (कॉम्प्युटर). आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. पदवी मिळवायला मी तीन वर्षं एसटीने जाऊन-येऊन घासली होती. ती लिहायला मला लाज वाटायचं कारण नव्हतं, आजही वाटत नाही.

तीन आठवड्यांनी साइटवाल्यांचा मेल आला. गेम चांगला आहे, जे उघडतात ते शेवटपर्यंत खेळतात, पण उघडतच कोणी नाही. चित्र बदलून बघा. महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर गेम काढावा लागेल.

मला घाम फुटला त्याचं कारण दुसरंच होतं. माझ्या चुलतभावाने दुबईत माझ्यासाठी स्टोअरकीपरची नोकरी बघून ठेवली होती. मी त्याला म्हटलं होतं, गेम लागू दे, मग सांगतो. घरच्यांनी ते ‘येतो’ असंच धरलं होतं. आता गेम साइटवरून उतरला असता तर ‘नाही’ म्हणायला माझ्याजवळ काही उरलं नसतं.

क्लास चालवणाऱ्या सरांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“कोणाचं लग्न आहे?”

“सर, गेमचं चित्र आहे.”

“मग मुहूर्त राहिला लिहायचा. तेवढा घाल, म्हणजे पत्रिका पुरी झाली.”

मला राग आला. मी चित्र उजळ केलं, अक्षरं जाड केली. काढून मात्र काही टाकलं नाही. साइटवरचं ते पान, माझं नवं चित्र त्यात बसवून, आहे त्याच मापात रंगीत छापलं आणि रविवारी गावाला गेलो.

आई परसात होती. पान तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, “यातला माझा खेळ कुठचा, सांग.”

आईने कागद लांब धरला. “ह्यो,” म्हणाली आणि एका पिवळ्या गोल तोंडावर बोट ठेवलं. तो कोणातरी दुसऱ्याचा बॉलचा खेळ होता.

“आये, हा माझा,” मी दाखवलं.

“ह्या? माका वाटला कागदावर चाय सांडली.” मग माझा चेहरा बघून म्हणाली, “बाबास दाखव जा. खाली होडीवर हायत.”

श्रावणाचे दिवस. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेआधी रंगवून घ्यायच्या. माझे वडील होड्या रंगवतात. त्यांना वाचता येत नाही. होडीवर काय लिहायचं ते नाखवा, म्हणजे होडीचा मालक, कागदावर लिहून देतो, बाबा ते आकार बघून फळीवर उतरवतात. त्यांच्या हातून एकही अक्षर चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

मी गेलो तेव्हा त्यांनी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एक रुंद हिरवा पट्टा ओढून ठेवला होता आणि ते किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला चालत निघाले होते. लहानपणापासून मी हे बघत आलो. मला वाटायचं, बिडी ओढायला जातात. त्या दिवशी मीही मागोमाग गेलो. टोकाला पोचल्यावर ते वळले आणि डोळे बारीक करून होडीकडे बघत राहिले.

“हिरवा नको होता,” म्हणाले.

“का? चांगला दिसतोय.”

“चांगला दिसतोय, पण बंदरात तीन हिरव्या हायत. नाखव्याची बायको धक्क्यावर उभी राहून कोणाची म्हणून वळखणार? आधी बंदरात कुठचा रंग नाय ता बघायचा.”

मी खिशातून कागद काढला. त्यांनी हात पँटला पुसले, पण कागद घेतला नाही. म्हणाले, “तिकडे जाऊन धर. त्या खडपाकडे.”

मी त्या काळ्या खडकाकडे गेलो आणि कागद धरून उभा राहिलो. दहा-बारा पावलांवरून बाबा बघत होते. जाळी विणत बसलेल्या दोघांनी हात थांबवले. “काय रे, निवडणुकीला उभा रायलायस काय?” एकाने विचारलं.

बाबा जवळ आले. “तुझा खालच्या ओळीतला. मातीच्या रंगाचा.”

“तुम्ही कसा ओळखलात?”

“बाकी सगळी कायतरी एक हायत. तुझ्यात सगळा हाय. नाव लिवलंस?”

“नाव, गाव, शिक्षण.”

“मी पण लिवतो. नाव, देवाचं नाव, नंबर, सगळा लिवतो. पण ता बाजूच्या फळीवर. धक्क्याला लागल्यावर वाचायचा असता ता. लांबून नाळच दिसते, मेल्या.”

चूक माझी होती, आणि ती मी त्यांच्याकडूनच उचलली होती. होडी म्हटली की त्यावर सगळं लिहायचं, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं. कुठे लिहायचं, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

सोमवारी क्लासमध्ये ते छापलेलं पान समोर ठेवून बसलो. पहिल्यांदा माझं चित्र सोडून बाकीची बघितली. निळी, काळी, पुन्हा निळी; स्फोट, अवकाश, पाणी. लाल जवळजवळ नव्हतंच. मी चित्राची मागची बाजू जांभ्या दगडासारखी लाल केली. किल्ला पुसला, झेंडा पुसला, खाडी पुसली. होडीचीही फक्त नाळ ठेवली, समोरून अंगावर येणारी, पांढरी, तिच्यावर एक पिवळा पट्टा. गेमचं नावही काढलं. ते तसंही चित्राखाली साइट छापतच होती.

बी.एस्सी. काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. काढलं, परत घातलं, कोपऱ्यात बारीक करून बघितलं. बारीक केल्यावर ते नाळेला लागलेल्या शेणासारखं दिसायला लागलं, तेव्हा काढलं.

नवं चित्र त्याच मापात छापून क्लासच्या दारावर चिकटवलं आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो. सर जिना चढून आले, दाराशी थांबले.

“होडी कोणाची येतेय?” त्यांनी विचारलं.

मी त्याच दिवशी चित्र पाठवून दिलं.

महिनाअखेरीला मेल आला. दोनच ओळी. लोक उघडतायत, गेम राहील. खूप गाजला वगैरे काही नाही. पण पानावर राहिला, आणि मी चुलतभावाला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

“एवढ्याशा चित्रापायी दुबई सोडलीस?” तो म्हणाला. “शिकलेला ना तू?”

“म्हणूनच,” मी म्हटलं. त्याने फोन ठेवला. पुढे वर्षभर बोलला नाही.

पुढच्या काही महिन्यांत त्याच साइटवर गेम टाकणाऱ्या दोघांनी मेल करून विचारलं, आमचं चित्र करून द्याल काय? तेव्हापासून मी हेच काम करतो. आजही चित्र झालं की छापतो, भिंतीला लावतो आणि लांब जाऊन बघतो.

गेम राहिला हे सांगायला शेजारच्यांकडे फोन केला, तेव्हा बाबा फोनवर आले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुझा बी.एस्सी. कुठे घातलास?”

“आत. खेळ उघडला की पहिल्याच पानावर. नाव, गाव आणि ते.”

“कोण वाचता काय?”

“आत आलेले वाचतात.”

“हां,” ते म्हणाले. “मग बरोबर हाय.” आणि येताना रत्नागिरीहून पिवळ्या ऑइलपेंटचा एक डबा आणायला सांगितला. पूर्णगडात संपला होता.