व्यत्यय: कधीच नाही

घरून काम करायला लागल्यापासून आष्ट्यात मी रिकामटेकडा ठरलोय. शेजाऱ्यांचं पार्सल घ्यायला मी, पाहुण्यांना सातारच्या गाडीत बसवायला मीच. एकदा कंपनीनं प्रश्नावली पाठवली. आमच्यासारख्यांच्या मनःस्वास्थ्यावर कुणी बाई संशोधन करत होत्या. पहिलाच प्रश्न होता, 'कामात घरच्यांचा व्यत्यय येतो का?' वा! मी 'सतत' निवडणार, तोच फौजेतून निवृत्त झालेले वडील खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी प्रश्न मोठ्यानं वाचला.

"न्हाई म्हणून लिही की. तुला कोण तरास देतंय रं?"

मी मुकाट्यानं 'कधीच नाही' निवडलं.

"झालं न्हवं? मग ऊठ, मळ्यातली मोटर चालू करून ये. रिकामाच हाईस."