स्वाभिमानाचा नऊ किलो खजूर

मस्कतच्या बाजारात मी नऊ किलो खजूर घेतला, तो निव्वळ स्वाभिमानापोटी.

त्याचं असं झालं. सकाळी वाळवंटात आमची जीप वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारत होती. आमचा मिलिंद (इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या ऑफिसात अख्ख्या टीमला रिस्क मॅनेजमेंट शिकवणारा नवरा!) डोळे मिटून, तोंडाला पिशवी लावून बसला होता. मी मात्र ड्रायव्हरला "वन्स मोअर!" म्हणत होते. साहजिकच संध्याकाळी माझ्या अंगात वारं शिरलं होतं.

"खजूर मी एकटी जाऊन आणणार," मी जाहीर केलं.

"घोळ घालशील."

"घातला, तर पुढची सुट्टी तुझी! वेल्स, तंबू, हवं ते!"

तो तंबू मी लग्नापासून टाळत आले होते, हे लक्षात असू द्या.

दुकानदार तिशीतला. त्याला इंग्रजी येईना, मला अरबी. मी खजुराकडे बोट दाखवलं. त्यानं पिशवीत एक मोठं माप ओतलं, शेजारच्या स्टुलाकडे हात केला (काटा स्टुलावरच होता, पण ते नंतर कळलं!) आणि म्हणाला, "बस?"

बस? ओळख ना पाळख, आणि सरळ अगं-तुगं?

"नाही बसणार!" मी जोरात मान हलवली.

त्यानं आणखी एक माप ओतलं. "बस?"

"सांगितलं ना, नाही!"

आणखी एक. पिशवी बदलली. तो घामाघूम, मी ताठ. बघू या कोण हरतं!

तेवढ्यात मला शोधत आमची इंग्लंडात वाढलेली ईशा आली. "आई! हा काय केली तू? अरेबिकमध्ये बस म्हणजे इनफ! स्कूलमधला माझा फ्रेंड सलमा रोज म्हणतो!"

हॉटेलवर मिलिंद गादीवर लोळून हसला. "अगं, वरणावर तूप वाढताना 'बस, बस' तूच ओरडतेस ना?"

"तेव्हा शेजारी स्टूल नसतं!"

परवा वेल्सला जाऊन आलो. वरून पाऊस, खाली चिखल, मध्ये मी. मिलिंदनं खजुराचा डबा पुढे केला. "अजून देऊ? की बस?"

मी ताडकन उभी राहिले. (तंबूत उभं राहता येत नाही, हे डोकं आपटल्यावर समजलं.)

पण माघार? छट्! चूक त्या दुकानदाराचीच. नीट 'बसा' म्हणाला असता, तर पहिल्याच मापाला बसले नसते का?