कोरड्या डोळ्यांचं पाणी

बायको गेली तेव्हा मी रडलो नाही. गावानं पाहिलं, लेकीनंही पाहिलं. तिसऱ्या दिवशी दारावर माणसं दुखवट्याला बसलेली, आणि मी उठून केळीच्या बागेत निघून गेलो. ट्रक येऊन उभा होता, घड कापायचे होते. लेक ओट्यावरून सगळ्यांसमोर म्हणाली, "जा, जा. माय गेली तं गेली, घड झाडावर पिकाले नको!"

नंतर काही महिने ती माझ्याशी बोललीच नाही म्हणा. ती धुळ्याला देवपुरात राहते. घरी आली की जेवायचं ताट पुढं सरकवायची, बस.

थंडी सरता सरता माझ्या डोळ्यांना पाणी सुटलं. वारा लागला की पाणी, पंख्याखाली बसलं की पाणी, टीव्ही पाहिला की पाणी. खांद्यावरच्या रुमालानं पुसायचो. तो रुमाल केळीत वापरायचा. चिकानं काळा पडलेला, कितीही धुवा. जेवढं पुसायचो तेवढं जास्त झोंबायचं. कोणी म्हटलं गुलाबपाणी, ते घातलं. कोणी म्हटलं मध. मध घातला आणि अंगणात उड्या मारल्या.

गल्लीतल्या बाया मात्र म्हणू लागल्या, "आबा खचले बिचारे. उशिरा का होईना, आठवण आली." मी त्यांची समजूत मोडली नाही. खोटं का सांगू, बरं वाटायचं.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि घरात जे गेले त्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. यंदाची घागर तिच्या मायची. मी पाटावर बसलो, आणि डोळ्यांतून जे सुरू झालं ते थांबेना. लेकीनं पाहिलं. शेजारी येऊन बसली, पदरानं माझं तोंड पुसलं.

"रडा आबा. पोटात ठेवू नका."

पाठीवर तिचा हात होता. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की बाई, हे रडणं नाही, हे दुखणं आहे. नाही सांगितलं. मला तो हात सोडवेना.

"असं रडून रडून डोये जातीन तुमचे," म्हणाली, आणि मला धुळ्याला घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होती. आधी डोळ्यात पट्टीसारखा कागद लावला. मग आतल्या कोपऱ्यातून बोथट सुईनं पाणी सोडलं आणि विचारलं, "घशात खारट लागलं का?" लागलं. "म्हणजे नळी मोकळी आहे. आबा, तुमचे डोळे कोरडे पडलेत."

"बाई, सकाळपासून दोन रुमाल भिजले. कोरडे कसे?"

ती हसली. म्हणाली, डोळ्यावर कायम पाण्याचा पातळ थर असतो, त्यावर तेलाचा. वयानं ते तेल कमी होतं, थर टिकत नाही, डोळा झोंबतो. झोंबला की तो एकदम पाणी सोडतो. ते पाणी गालावरून वाहून जातं, कामाचं नाही.

"म्हणजे ठिबक बंद पडलं आणि पाट फुटला," मी म्हटलं.

"अगदी बरोबर."

लेक मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं. बाहेर बाकावर बसलो तेव्हा विचारलंच.

"म्हंजे आखाजीले तुम्ही रडत नव्हते?"

"नव्हतो."

"मग माय गेली तवा?"

"तवाही नाही. आलंच नाही बाई. केळीत गेलो, वाटलं तिथं येईल. विळा हातात घेऊन नुसता उभा. मजूर म्हणाले, आबा, बाजूला सरका, अंगावर घड पडेल."

"आणि मले तसंच समजू दिलं."

"दिलं. तू बोलायला लागली होती."

तिनं पिशवीतून औषधाची बाटली काढली. "मान वर करा. आन् तो घाणेरडा रुमाल इकडे द्या आधी." पहिला थेंब गालावर गेला. "मिटू नका हो! लहान पोर बरं तुमच्यापेक्षा!"

आता दिवसातून चार वेळा थेंब. सकाळी स्वच्छ कपडा गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर ठेवतो. डोळे चोळत नाही. वाऱ्यात चष्मा लावतो, मजूर मला हिरो म्हणतात. मध, गुलाबपाणी बंद. सगळ्यांचं पाणी सारखं नसतं, असंही डॉक्टरीणबाई म्हणाली. एकाच डोळ्यातून येत असेल, पू असेल, कोपरा सुजला, दुखलं किंवा अंधुक दिसलं, तर घरी बसून राहू नका, सरळ दवाखान्यात जा.

चार वेळा लेकीचा फोन येतो. "टाकले का?" नसले टाकले तर नाही म्हणतो, मग ती ओरडते. पाणी पुष्कळ कमी झालंय. परवा तिनं हळूच विचारलं, "आबा, रडू आलं का कधी?" अजून नाही, म्हटलं. ती बराच वेळ फोन धरून होती. ठेवला नाही.