धावती अक्षरं

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. काल बंद थिएटरच्या भिंतीवर जुन्या पोस्टरांचे पापुद्रे सुटलेले दिसले आणि खालून मीच छापलेला एक शब्द वर आला, ‘हरवले’.

आमच्या छापखान्यात नाटक-सर्कशीच्या जाहिरातींसाठी अक्षरांचा एक टाइप होता. जाड, अंग चोरलेली, पुढे झुकलेली अक्षरं. जणू सगळी कुणाच्या तरी मागे धावत निघालेली. शेजारच्या सुमनवहिनींचे यजमान नाहीसे झाले तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊ, लांबून दिसू दे.” त्यांच्या फोटोच्या पत्रकाला मी तोच टाइप लावला.

दुसऱ्या दिवशी पानवाला म्हणाला, “काय भाऊ, ‘हरवले’चा प्रयोग कधी? हिरो नवीन दिसतोय!”

मी हसलो. पत्रकं बदलली नाहीत. वहिनी मात्र रोज विचारायच्या, “कुणी ओळखलं का हो?”

पुढे त्याही वारल्या. फोटोतला चेहरा पुसलाय, अक्षरं मात्र काळीभोर आहेत. काल वारा नव्हता, तरी तो कागद हलत होता. अक्षरं पूर्वीपेक्षा जास्त झुकल्यासारखी वाटली.

त्या होत्या तेव्हा वहिनींच्या दारापर्यंत मी कितीदा जाऊन परतलो. एवढंच म्हणायचं होतं, “वहिनी, लोकांना ते नाटक वाटलं. मला कळलं होतं. माफ करा.”