पोळ्याच्या दिवशी अडलेली मोटर

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि माझी मोटरही तेवढीच नवी होती. तरी ती चालता चालता मधेच बंद पडायची. अकोल्याहून कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. दुसऱ्या कुणी इंजिन उघडलं तर गॅरंटी जाणार होती. पोळ्याच्या दिवशी ती अमडापूरच्या अलीकडे पुन्हा थांबली.

समोरून एक हडकुळा शेतकरी शिंगं रंगवलेली बैलजोडी घेऊन येत होता.

"बैल लावून गावापर्यंत ओढता का? तिथून कंपनीला तार करतो," मी म्हणालो.

"आज पोया हाये, साहेब. आज त्याहिच्या खांद्यावर दोरबी टाकत नाही."

मी चिडलो. त्याने मात्र बैल बाभळीला बांधले, त्यांच्या झुली सारख्या केल्या आणि मोटरीला दोर बांधून तो स्वतःच्या खांद्यावर घेतला. माझा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसला, मी मागून ढकललं.

कंपनीने पुढे इंजिनाचा बिघडलेला पेट्रोलपंप फुकट बदलून दिला. मला मात्र अजून तो खांदा आठवतो. गावात दोर उतरवला तेव्हा तो सोलवटला होता. "दुखतंय का हो?" मी विचारलं.

"काल बैलाइच्या खांद्याले हयद-लोनी लावलं," तो हसून म्हणाला, "वाटीत थोडं उरलं हाये."