वहिनीच्या नावावर बंदूक

दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार. हजर: आबा, म्हणजे माझे वडील, वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, मी, आणि आबांच्या मांडीवर आडवी, चादरीत गुंडाळलेली बंदूक. गैरहजर: भाऊ. तो सुरतेला नोकरीला असतो आणि घरच्या बहुतेक कामांना गैरहजरच असतो. त्याची ना-हरकत मात्र नोटरी करून, कुरिअरने वेळेवर आली होती.

मी धुळ्याला देवपुरात राहते, एका कॉलेजच्या कार्यालयात काम करते. फायली लावणं हा माझा हातचा मळ. त्यामुळे आबांचा शेतीरक्षणाचा परवाना वहिनीच्या नावावर करायचं ठरलं, तेव्हा ते काम आपोआप माझ्याकडे आलं. सातबारा, वहिनीचं आधार, डॉक्टरचं प्रमाणपत्र, फोटो, आम्हा भावंडांच्या ना-हरकती, सगळं क्रमाने लावून मी सकाळच्या बसने माहेरी, असोद्याला पोचले होते. अर्ज भरून झाला होता. आज पोलीस ठाण्यात चौकशी आणि बंदुकीची तपासणी. एकच कागद अपुरा होता. आबांचं संमतीपत्र. त्यावर त्यांनी सही केली नव्हती.

"आबा, सही राहिलीय," रिक्षात मी पुन्हा आठवण केली.

"बघू."

"बघू म्हणजे कधी?"

"आधी सायबाले इचारू दे. माह्याच नावावर अजून चालत असंल, तं कायले हिच्या डोक्याले ताप?"

"माह्या डोक्याले काई ताप नाही, आबा," वहिनी बाहेर बघत म्हणाली.

आबांची अडचण मला कळत होती. आमच्या केळीत रानडुकरं येतात. ती खातात कमी आणि उलथून टाकतात जास्त. आबांनी आजवर एकही डुक्कर मारलं नाही. बांधाच्या मातीत बार काढायचा, आवाज झाला की कळप पळतो, एवढीच त्यांची रीत. पण बंदूक खांद्याला लावून ते निघाले की शेजारचे हाक मारत, "आबा, निघाले का ड्युटीवर?" आणि आबा नुसता हात वर करत. शेतातली बाकीची सगळी कामं एकेक करून वहिनीकडे गेली होती. पाणी, खत, मजूर, व्यापारी, सगळं. आबांकडे उरली होती ही एक ड्युटी.

आणि वहिनीची अडचण अशी, की आबांना आता नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी एका डोळ्याला म्हणावा तसा उजेड आला नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी बांधावर काढलेला बार ठिबकच्या नळ्यांना लागला. दुसऱ्या दिवशी जागोजागी कारंजी. आबा म्हणाले, "डुकरानं चावल्या." वहिनीने "हो ना" म्हणून नव्या नळ्या जोडल्या आणि तेव्हापासून ती त्यांच्या पुढे कधी चालत नाही, मागेच राहते. हे तिने मला फोनवर सांगितलं होतं, तेही हसत. मग हसणं थांबवून म्हणाली होती, "ताई, त्यांना नाही म्हणायचं माह्याच्यानं होत नाही. पण मले भेव वाटतं."

ठाण्यातले अंमलदार तरुण होते. त्यांनी फाईल चाळली आणि वहिनीकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही चालवणार? बंदुकीची भीती नाही वाटत?"

"डुकराची वाटते, सायेब. म्हणून तं आली."

ते हसले. आबाही हसले, पण लगेच सावरून खुर्चीच्या कडेला सरकले. आपल्या नावावर अजून चालेल का, हे विचारायची तयारी. तेवढ्यात अंमलदारांनी चादर सोडली, बंदूक मधून उघडली, आत काडतूस नाही याची खात्री केली आणि नळी खिडकीकडे धरून डोळा लावला.

"यातून उजेडच दिसत नाही, बाबा."

त्यांनी नळी टेबलावर हलकेच आपटली. कुंकवाने लाल झालेले तांदूळ पडले. मग झेंडूची वाळकी पाकळी.

आमच्याकडे खंडेनवमीला विळे, वखराची पास, कुदळी यांच्याबरोबर बंदूक पुजतात. आई असताना तिने एक पद्धत पाडली होती. नळीच्या तोंडात चिमूटभर अक्षता आणि एक पाकळी टाकायची, शस्त्राचं पोट वर्षभर शांत राहावं म्हणून. संध्याकाळी आबा गजाला फडकं बांधून नळी साफ करायचे. आई गेल्यावर अक्षता टाकणं आणि साफ करणं, दोन्ही आबांकडे आलं. या वर्षी त्यांनी साफ केल्याचं वहिनीला सांगितलंही होतं.

"याच्यावर बार काढला असता तर नळी फाटली असती," अंमलदार म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "बाबा, हे तुमच्या ध्यानात नाही आलं?"

वहिनी घाईने म्हणाली, "सायेब, माहीच चूक. मीच..."

"तू गप बस गं," आबा म्हणाले. त्यांनी टेबलावरचे तांदूळ बोटांनी चाचपले. मग म्हणाले, "सायेब, म्या साफ केली व्हती. माह्या हिशोबानं चकाचक केली व्हती. मले नळी दिसत नाही आता. हिच्या नावावर करा."



"आणि त्या ठिबकच्या नळ्या," आबा वहिनीकडे वळले, "डुकरानं नव्हत्या चावल्या."

"मले म्हाईत आहे, आबा."

"म्हाईत व्हतं तं बोलली काऊन नाही?"

"डुकराचं नाव खराब झालं, तुमचं कशाले करू?"

अंमलदारांनी तोंड फाईलमध्ये घातलं. मग म्हणाले, आता इथे माझ्यासमोरच साफ करा. चादरीत गज होताच, तो आबा कधी विसरत नाहीत. फडकं कसं बांधायचं, किती घट्ट, गज फिरवत कसा आत न्यायचा, हे आबांनी वहिनीच्या हातावर हात ठेवून दाखवलं. "आईच्या नावच्या अक्षता हायेत त्या, खाली पडू देऊ नको," ते म्हणाले. वहिनीने पदर पसरला आणि एकेक दाणा त्यात धरला.

मी संमतीपत्र पुढे केलं. कुठे सही करायची ते आबांना दिसेना. वहिनीने रेघेवर बोट ठेवलं. त्या बोटाला धरून आबांनी सही केली. थोडी वर गेली, पण चालते.

फाईल आता कलेक्टर कचेरीत गेली आहे. वहिनीच्या प्रशिक्षणाची तारीख मी मागून घेतली. बंदूक खुंटीवर टांगायची नाही, भिंतीला पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवायची, अशी तोंडी सूचना होती. कपाट मी जळगावातून त्याच दिवशी घेतलं. घरी आल्यावर आबांनी पेन्सिल मागितली आणि भिंतीवर जुन्या खुंटीजवळ, स्वतःच्या खांद्याएवढ्या उंचीवर कपाटासाठी खूण केली.  मग वहिनीला भिंतीशी उभं केलं, तिच्या खांद्यावर तळवा ठेवला आणि तिथे, बरीच खाली, दुसरी खूण केली. "वरची खोडून टाक," मला म्हणाले.

वरची मी खोडली. खालच्या खुणेवर भोकं पाडायला माणूस बोलवायचा आहे. कपाट अजून ओट्यावर, खोक्यातच आहे.