अकरा दिवस मिसरीवाचून

गुजरातेत, उधन्याच्या आमच्या गल्लीत मिसरी भाजायची ती मीच. तंबाखू तव्यावर टाकायची, काळी कुळकुळीत होईपर्यंत हलवायची, मग चुरून डबीत भरायची. धुराने सगळी गल्ली खोकायची, बाप्ये शिव्या घालायचे, पण सकाळी बायका डबी घेऊन माझ्याच दारात उभ्या. माझी थोरली जाऊ आणि मी शेजारी शेजारीच राहतो. दिवसाचं आमचं पहिलं काम हेच: ओट्यावर बसायचं, बोटाने दातांवर मिसरी चोळायची आणि लोकांची उणीदुणी काढायची. चहा त्यानंतर. धुळ्याकडे माझ्या आईनेही असंच केलं. दात घासणं म्हणजे मिसरी, दुसरं काही आम्हाला ठाऊक नव्हतं.

मग जाऊबाईंच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. भाकरीच्या घासाला लाल डाग दिसायचा. त्यांची मुलगी साड्यांच्या दुकानात कामाला आहे, गुजराती फाडफाड बोलते. तिने आईला ओढतच दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. मीही गेले, कारण मला सगळीकडे नाक खुपसायचं असतं. डॉक्टरणीने यंत्राने दात साफ केले. कर्रकर्र आवाज, तोंडात पाण्याचा फवारा, आणि दातांवरून वर्षानुवर्षांचं काळं कीटण निघत होतं. मला बघवेना.

झाल्यावर डॉक्टरणीने नीट समजावलं. चार-आठ दिवस दात शिवशिवतील, थोडं रक्तही येईल, घाबरायचं नाही. कीटण गेल्यामुळे फटी दिसतील, दात हलल्यासारखे वाटतील, पण हिरड्या हळूहळू आवळतील. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासायचं, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या, फार गरम नाही, फार गार नाही. आणि मिसरी बंद, बोटाला लागेल एवढीसुद्धा नाही. डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा आहे, तो पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचा. गेला नसेल तर तुकडा काढून तपासायचा. हे ती हिंदीत दोनदा बोलली. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून बोलली. माझ्या काळ्या दातांवरून तिने ओळखलं असणार.

जाऊबाईंनी सगळं पाळलं. गुळण्या, ब्रश, सगळं. अकरा दिवस त्यांनी मिसरीला हात लावला नाही. त्यांचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, नळाचं पाणी तोंडात घेतलं की डोळ्यांत पाणी यायचं. समोरच्या दोन दातांमध्ये हीऽ एवढी फट पडली होती. मी रोज त्यांना आरसा दाखवायचे. चांगल्या दातांची वाट लावली त्या बाईने, म्हणायचे, कीटण होतं तोवर दात घट्ट होते, आता पडतील पटापट. खरं सांगू? मला दातांचं काही पडलं नव्हतं. मी ओट्यावर एकटी पडले होते. त्या आत उभ्या राहून ब्रश करायच्या आणि मी बाहेर तोंडात बोट घालून बसलेली. मला राग यायचा, आणि लाजही वाटायची, आणि ती लाज मी त्यांच्यावरच काढायचे.

बाराव्या सकाळी त्या गाल धरून बसल्या होत्या. शिवशिव थांबतच नव्हती. मी म्हटलं, चिमूटभर लावा, लगेच बधिर होईल. त्या म्हणाल्या, "नको वो माय." मी ऐकलं नाही. डबीतली मिसरी बोटावर घेतली, त्यांचं तोंड उघडलं आणि माझ्याच हाताने सगळ्या हिरड्यांवरून फिरवली. थोड्या वेळात दुखणं गेलं. मी म्हटलं, बघा, सांगत होते ना मी!

पंधराव्या दिवशी मुलीला सुट्टी नव्हती. आईला घेऊन जा, असं ती मला बजावून गेली. आम्ही गेलो नाही. दुखत नाही तर कशाला जायचं, मी म्हटलं. जाऊबाईंनी चट्ट्याचं विचारलं. मी मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं. तो होता तिथेच होता, उलट मोठा वाटला मला. मी म्हटलं, काही नाही, मिठाने कातडी सोलली असेल. संध्याकाळी मुलीला सांगितलं, जाऊन आलो, सगळं ठीक आहे. आणि आम्ही दोघी पुन्हा ओट्यावर बसायला लागलो. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

पुढचं काय सांगायचं. गालात जखम झाली, ती भरेना. तोंड दोन बोटंही उघडेना. मोठ्या दवाखान्यात नेलं, तुकडा काढला आणि सगळं कळलं. डावा जबडा काढावा लागला. मग किरणांचे शेक दिले, त्याने तोंड कोरडं पडलं, आवाज गेल्यात जमा. आता उजवीकडे थोडे दात राहिलेत. तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: मऊ ब्रश, हलका हात, मिठाचं पाणी. ते मी करायचे, दिवसातून तीनदा. भात वाटून भरवायचेही मीच. गल्ली म्हणायची, जाऊ असावी तर अशी.

आणि गल्ली आणखी एक म्हणायची: दात साफ करायला गेली आणि कॅन्सर घेऊन आली. हे पहिल्यांदा कोण बोललं? मी. दवाखान्याच्या फाटकाशी नातेवाईक जमले होते, कोणीतरी विचारलं कसं झालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. झालं, सगळ्यांनी तेच धरलं. बायका दातांच्या डॉक्टरणीच्या नावाने बोटं मोडायला लागल्या. मी मूग गिळून बसले.

पण मुलीनेही ते खरं मानलं. वर्षभर ती दुकानातून यायची, आईच्या पायांशी बसायची आणि रडायची. जाऊबाई मान हलवून नाही नाही म्हणायच्या. तिला वाटायचं, आई समजूत काढतेय. तिने स्वतःच्या लग्नाची बोलणी थांबवली. वजन निम्मं झालं तिचं.

एका दुपारी मी जाऊबाईंचे दात घासत होते. मुलगी समोर बसली होती. ती म्हणाली, "काकू, मी नेलं नसतं तर आई आज नीट जेवली असती."

माझा हात थांबला. मी म्हटलं, "तू नाही गं. तू नेलंस म्हणून तर चट्टा दिसला. मिसरी मी लावली, या बोटाने. पंधराव्या दिवशी आम्ही गेलोच नव्हतो. मी खोटं बोलले."

ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. जाऊबाईंनी माझा हात बाजूला केला. त्यांचं बोलणं आता परक्याला कळत नाही, मला कळतं.

"मन्ही पोरले वरीसभर रडू दिधं," त्या म्हणाल्या, आणि तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे दात मुलगी घासते. मी मिठाचं पाणी कोमट करते, आणि त्यांच्या उंबऱ्याशी ठेवून परत येते.